निर्धूर चूल

शेफील्ड, ११ जून २००६

चि. प्रियदर्शिनी हिस,
सप्रेम जय भीम.

परवा फोनवर दहा मिनिटं बोललो, तरी आईनं शेवटी बजावलंच, "पत्र लिही रे, फोन संपून जातो." म्हणून लिहायला बसलो. पण या वेळी माझं कामही आहे आणि ते तुझ्या विषयातलं आहे. तू कारखान्याच्या क्लीनरूममध्ये दिवसभर हवेतली धूळ मोजतेस, तेव्हा ही धूळही मोजून दे.

पुढच्या खोलीत मी लाकडावर जळणारा स्टोव्ह बसवतो आहे. घटस्फोटानंतर या घरात मी एकटाच, आणि हिवाळ्यात ती खोली मी उघडतसुद्धा नाही. पण नोव्हेंबरात आई तुझ्याकडून माझ्याकडे येणार, तिला बसायला उबदार जागा हवी. अडचण अशी की आमचं शहर धूरबंदीच्या हद्दीत आहे. चिमणीतून धूर दिसला तर दंड. कमी धुराचे म्हणून तपासून घेतलेले काही स्टोव्ह सरकारी यादीत आहेत, त्यांतलाच घ्यावा लागतो. यादी ही एवढी लांब आहे आणि दुकानदार प्रत्येकाला उत्तम म्हणतो.

गॅसचा हीटर का नाही असं तू विचारशीलच. तुला आठवतं, आई स्वयंपाक करायची त्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात सरकारी योजनेतली निर्धूर चूल आली होती? चार महिन्यांत तिचं नळकांडं काजळीनं बुजलं आणि ती फोडून टाकली. अठ्ठ्याऐंशी साली इकडे यायला निघालो तेव्हा मी आईला म्हटलं होतं, मी तुला खरी निर्धूर चूल घेऊन देईन, तू नुसती समोर बसायचं. आईनं ते साठही पोरांना सांगितलं होतं. अठरा वर्षं झाली त्याला. पहाटे चुलीजवळ बसून मी अभ्यास केला म्हणून इथवर आलो. जळत्या लाकडाचा वास आला की मला अजून आई आठवते.

दोन कॅटलॉग सोबत पाठवतो आहे. उज्ज्वलरावांना जय भीम, जान्हवीला पापा.

तुझा,
दादा


टॅम्पिनीस, सिंगापूर, २ जुलै २००६

आदरणीय दादास,
सविनय जय भीम.

तुझं पत्र आईनं तीनदा वाचलं आणि उशाखाली ठेवलं. आत्ताही ती शेजारी बसून मी काय लिहिते ते वाचते आहे. साक्षरता वर्गाचं शिक्षण ती असं कामाला लावते. तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय पाकीट चिकटवायचं नाही असा हुकूम आहे.

कॅटलॉगमधली काचेच्या दाराची चूल पाहून ती म्हणाली, "मग फुंकायचं कुठून?" फुंकावं लागत नाही म्हटल्यावर तिचा विश्वास बसला नाही.

आता तुझं काम. देखणा दिसतो म्हणून घेऊ नकोस. लाकूड तापलं की आधी त्यातून वायू निघतात आणि ते न जळता बाहेर पडले की त्यांचाच धूर होतो. म्हणून ज्याच्यात वरच्या बाजूनं गरम हवा आत येऊन ते वायू जाळते असाच स्टोव्ह घे. हवेची झडप पूर्ण बंद होणारा नको, कारण आग कोंडली की धूर वाढतो. तपासणीत तासाला किती ग्रॅम धूर मोजला तो आकडा दुकानदाराकडून लेखी माग. दोन वर्षं वाळलेलं लाकूडच वापर. आणि नवा स्टोव्ह पहिल्या दोन वेळा पेटवतोस तेव्हा त्याच्या रंगाचा उग्र धूर सुटतो. तेव्हा खिडक्या सताड उघड, आणि आई यायच्या आत ते उरकून टाक. हे विसरू नकोस.

आईला जरा खोकला आहे. एसीमुळे असेल. बाकी सगळे ठीक.

तुझी,
प्रिया


शेफील्ड, २३ जुलै २००६

चि. प्रियास,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र घेऊन दुकानात गेलो. ग्रॅमचा आकडा लेखी मागितल्यावर दुकानदारानं मला काउन्सिलचा इन्स्पेक्टर समजून चहा दिला. आता दोन स्टोव्ह उरले आहेत. एक ओतीव लोखंडाचा, त्याचं दार रुंद, आई बसल्या जागेवरून आग पाहू शकेल. दुसरा पोलादी, लहान, दिसायला बँकेच्या तिजोरीची धाकटी बहीण, पण धूर थोडा कमी. मला पहिला आवडला आहे. यादीत दोन्ही आहेत, म्हणजे कायद्याला दोन्ही चालतात.

बऱ्याच महिन्यांत मी कशासाठी इतका हिंडलो नव्हतो. लोकांच्या चिमण्या पाहत फिरतो. निशिगंधा घर सोडून गेली त्यानंतर लोक मला छंद लावून घे म्हणायचे, तो असा लागला.

आईला सांग, एसी बंद ठेवत जा. लिहिलेलं वाचते आहे म्हणजे तिला थेटच सांगतो: आई, एसी बंद ठेव.

तुझा,
दादा


टॅम्पिनीस, २० ऑगस्ट २००६

आदरणीय दादास,
सविनय जय भीम.

पोलादी घे. धूर थोडा कमी असं तू सहज लिहिलंस, मी आकडे पाहिले, तो जवळजवळ निम्मा आहे. कायद्याला काय चालतं ते काउन्सिल पाहील. खोलीत बसणाऱ्या माणसाला काय चालतं ते तू पाहायचं आहेस. लाकूड घालायला दार उघडल्यावर किती धूर खोलीत येतो, ते दुकानात पेटता स्टोव्ह उघडायला लावून स्वतः बघ. चिमणीत वरपर्यंत पोलादी नळी घालून घे. आईची खुर्ची स्टोव्हपासून किती अंतरावर राहील? त्या खोलीला दुसरी खिडकी आहे का? तिची झोपायची खोली वर असेल तर जिन्यात धूर चढतो का? मला सगळं मोजून कळव.

इथे सध्या चिनी लोकांचा पितरांचा महिना चालू आहे. आमच्या ब्लॉकखाली लोखंडी पिंपात ते कागदाच्या वस्तू जाळतात, कागदाची घरं, कागदाचे कपडे. धूर आमच्या चौथ्या मजल्यापर्यंत येतो, म्हणून मी संध्याकाळी खिडक्या लावते. आई त्यांना नावं ठेवत नाही. म्हणाली, "मेल्यावर पोचवण्यापेक्षा जिवंतपणी द्यावं." जान्हवीनं तिला खाली चल म्हटलं तर नको म्हणाली. जान्हवी तिच्या इथल्या इंग्रजीत म्हणते, "आजी ऑल्वेज टायर्ड ला."

हे सगळं पत्रातून समजावणं अवघड आहे.

▬▬▬▬▬▬▬▬▬▬▬▬

(वरची ओळ खोडली आहे. काही नाही त्यात.)

तुझी,
प्रिया


शेफील्ड, १० सप्टेंबर २००६

चि. प्रियास,
सप्रेम जय भीम.

शरण आलो. पोलादी घेतला. परवानाधारक मिस्त्री सव्वीस ऑक्टोबरला येतो आहे, त्याआधी त्याला वेळ नाही. तू विचारलेलं सगळं मोजलं: खुर्ची सात फुटांवर, खिडक्या दोन, जिना दाराच्या पलीकडे. तुझे प्रश्न वाचून मला पीएचडीच्या तोंडी परीक्षेची आठवण झाली. अगं, बावीस वर्षं ज्या बाईनं गाडाभर ओल्या लाकडावर साठ पोरांच्या भाकऱ्या थापल्या, तिला माझा चमचाभर धूर काय करणार आहे?

आणि ती ओळ कसली खोडलीस? शाईनं इतकी गच्च, की उजेडात धरूनही वाचता येईना. उज्ज्वलरावांची तक्रार असणार. त्यांची बाजू मी आधीच घेतो.

खोलीची मांडणी करून ठेवली आहे. स्टोव्हसमोर आईची खुर्ची, पाठ सरळ राहील अशी, जुन्या बाजारातून आणली. माझी खुर्ची दाराशी, हातात पुस्तक. लहानपणी होतं तसंच. अकरा नोव्हेंबरचं सिंगापूरचं तिकीट काढलं आहे. येतो आणि तिला घेऊन जातो. स्टोव्ह पेटता दिसल्याशिवाय मी तिला आणणार नाही, शब्द म्हणजे शब्द.

आईचा आवाज फोनवर थकलेला वाटला. म्हणाली, जिना चढून आले. तुमच्याकडे लिफ्ट नाही का?

तुझा,
दादा


टॅम्पिनीस, ९ ऑक्टोबर २००६

दादा,

हे पत्र मी कारखान्यात जेवणाच्या सुटीत लिहिते आहे. आईनं हे वाचलेलं नाही. आधीची सगळी वाचली होती. ती ओळ मी लिहिली होती आणि तिनं माझ्या हातातून पेन घेऊन खोडली. ओळ अशी होती: दादा, स्टोव्ह राहू दे, तू ये.

लिफ्ट आहे. आई जिना चढली नव्हती. ती पलंगावरून खुर्चीत आली होती.

जूनमध्ये तिला डॉक्टरकडे नेलं. तुझं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात. डॉक्टरांनी एका नळीत जोरात फुंकायला सांगितलं. आई म्हणाली, "फुंकायची मला सवय आहे." तिनं फुंकलं आणि काटा जेमतेम हलला. डॉक्टरांनी विचारलं, दिवसाला किती सिगारेटी ओढायच्या? मी म्हटलं, एकही नाही. मग त्यांनी लाकडाच्या चुलीबद्दल विचारलं आणि किती वर्षं ते विचारलं. बावीस म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. तिची फुप्फुसं परत सुधारणार नाहीत. जपायचं, धूर लागू द्यायचा नाही, एवढंच हातात आहे.

त्या दिवशी बसमध्ये तिनं माझ्याकडून वचन घेतलं. म्हणाली, "नागसेनला तोंडानं सांगायचं नाही. घर मोडल्यापासून पोरानं पहिल्यांदा एवढं लांब पत्र लिहिलंय. चूल निवडतोय तोवर खुशीत आहे, निवडू दे." मी वचन दिलं आणि तुला ग्रॅम आणि नळ्या आणि खिडक्या विचारत बसले. मला वाटलं, इतकं विचारल्यावर तू तरी मला विचारशील, की कशासाठी.

एक गोष्ट लिहूनच टाकते. चुलीच्या वासानं तुला आई आठवते ना? तू दाराशी बसायचास. धूर तुझ्यापर्यंत येईतो पातळ झालेला असायचा. फुंकणी आईच्या हातात असायची आणि ती पिठात असली की माझ्या. तुझा अभ्यास होईपर्यंत आई दार लोटू द्यायची नाही, तुला बाहेरच्या दिव्याचा उजेड लागायचा, आणि दार उघडं म्हणून वाऱ्यानं सगळा धूर आमच्या तोंडावर यायचा. तुला हे कधी दिसलं नाही. त्यात तुझी चूक होती असं मी म्हणत नाही.

आता इथे सुमात्रातल्या जंगलाच्या आगींचा धूर आला आहे. परवा शनिवारी हवेच्या प्रदूषणाचा आकडा दीडशेला टेकला, समोरचा ब्लॉक दिसेना. आम्ही खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल लावले. आईनं हवा हुंगली आणि म्हणाली, "कुणीतरी ओली लाकडं लावलीत वाटतं." ती हसली. तेव्हापासून तिला झोपता येत नाही, बसून असते.

चौदा तारखेला धम्मदीक्षेला पन्नास वर्षं होतात. सोळा वर्षांची असताना ती वडिलांबरोबर नागपूरला गेली होती. त्या दिवशी नेसायला तिनं पांढरं लुगडं इस्त्री करून ठेवलं आहे.

फोन का नाही केला म्हणशील. तोंडानं सांगायचं नाही असं वचन आहे. लिहायचं नाही असं तिनं म्हटलं नव्हतं, ते मला आज सुचलं. नोव्हेंबरची वाट पाहू नकोस. मिस्त्रीची वाट पाहू नकोस. हे पत्र हातात पडलं की निघ.

प्रिया


शेफील्ड, २९ ऑक्टोबर २००६

प्रिया,

परत येऊन दार उघडलं तेव्हा तुझं नऊ तारखेचं पत्र पायपुसण्यावर पडलं होतं. त्याच्यावर मिस्त्रीचं कार्ड होतं, वेळ पक्की केल्याचं. आईला मंडाईच्या दहनगृहात अग्नी देऊन आलेला माणूस उभ्या उभ्या वाचतो आहे, की तिला जपायला हवं.

बारा तारखेला उज्ज्वलरावांचा फोन आला तेव्हा आई गेलेली होती. विमानात मी हिशेब मांडत होतो, की एकाएकी असं काय झालं. तुझ्या घरी आठ दिवस राहिलो, पुण्यानुमोदन झालं, लोक आले, गेले. त्या आठ दिवसांत तू मला हे सांगितलं नाहीस. पत्र मिळालं का, एवढंही विचारलं नाहीस. मी धुरामुळेच झालं, धुरामुळेच झालं म्हणून सुमात्राला शिव्या देत राहिलो आणि तू मला चहा देत राहिलीस.

पत्र पोचायला सहा-सात दिवस लागतात हे तुला माहीत होतं. चार महिने तू मला चुलीचे आकडे दिलेस. एक फोन करायचा होता. वचन मोडलं असतंस तर आई रागावली असती, दोन दिवस बोलली नसती. मला ते दोन दिवस हवे होते.

मंडाईला मी बाहेर येऊन वर पाहिलं होतं. धूर दिसत नव्हता. तू शेजारी येऊन माझा हात धरलास. तेव्हा तू काय विचार करत होतीस ते मला आज कळलं.

मिस्त्री आला होता. मी नाही म्हणायला विसरलो. स्टोव्ह बसला आहे.

नागसेन


टॅम्पिनीस, १९ नोव्हेंबर २००६

दादा,

तुझं पत्र येऊन दोन आठवडे झाले. चार वेळा लिहायला बसले आणि उठले.

तू म्हणतोस ते खरं आहे. मी फोन करायला हवा होता. त्या सोमवारी पत्र पेटीत टाकताना माझ्या मनाला इतकं हलकं वाटलं, जणू तुला सांगूनच झालं. मी वचनही पाळलं आणि सांगितलंही, असा शहाणपणा केला. गुरुवारी दुपारी आई गेली तेव्हा ते पत्र कुठल्यातरी पोत्यात होतं. तू आलास तेव्हा मला कळलं की तुला काही माहीत नाही. मग रोज वाटायचं, आज सांगावं. पण तू आईची पर्स उघडून तिच्यात तुझी पत्रं सापडल्यावर जे रडलास, ते पाहून माझं तोंड उघडलं नाही. घरी परत गेल्यावर तुला ते पत्र मिळणार हे मला माहीत होतं. मी ते थांबवू शकत नव्हते आणि तुझ्याबरोबर तिथे असूही शकत नव्हते.

तिचं शेवटचं ऐकायचा तुला हक्क आहे. बुधवारी संध्याकाळी तिला बरं वाटत होतं. तुझं सप्टेंबरचं पत्र तिनं पुन्हा काढायला लावलं. माझी खुर्ची दाराशी, हे वाचून ती म्हणाली, "अजून दाराशीच बसतो का?" मग बराच वेळ दम घेतला आणि म्हणाली, "बसू दे. तिथं त्याला धूर लागत नाही."

दादा, ती तुझ्यावर रागावलेली नव्हती. तुला तिनं मुद्दाम तिथे बसवलं होतं. लहानपणी मला याचा राग यायचा. या चार महिन्यांत तर फार आला, कारण तू मजेत स्टोव्ह निवडत होतास आणि मी रात्रंदिवस तिचा श्वास मोजत होते. तुला लवकर न सांगण्यात थोडा तो रागही असेल. हे मी आईलाही सांगितलं नव्हतं.

पांढरं लुगडं तिच्या अंगावर घातलं ते तू पाहिलंसच. तिची फुंकणी नांदेडहून आणलेल्या पत्र्याच्या पेटीत आहे. तुला हवी असेल तर पाठवेन.

प्रिया


शेफील्ड, १० डिसेंबर २००६

चि. प्रिया,
सप्रेम जय भीम.

रागानं लिहिलेलं पत्र परत घेता येत नाही. तेव्हा ते तसंच राहू दे. मी चार महिने एकदाही विचारलं नाही की कशासाठी. माझ्या पत्रातली ही चूक तुझ्या फोनच्या चुकीहून लहान नाही.

स्टोव्ह विकायला काढला होता. एक माणूस पाहायलाही आला. त्यानं विचारलं, धूर करतो का? मी तो अजून पेटवलाच नव्हता. त्याला परत पाठवलं.

काल पेटवला. तू जुलैमध्ये लिहिलं होतंस तशा खिडक्या सताड उघडल्या. आग धरल्यावर आधी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. थंडीत अर्धा तास चिमणीकडे पाहत होतो. शेजारच्या बाईंनी विचारलं, किल्ली आत राहिली का? मी म्हटलं, नाही, धूर पाहतो आहे. त्या वर पाहून म्हणाल्या, धूर तर नाहीच. मी हो म्हटलं. शब्द दिला होता तशी चूल झाली, प्रिया. फक्त आई तिच्यासमोर बसली नाही.

मग आत आलो आणि सवयीनं दाराशी गेलो. तिथून उठून आईच्या खुर्चीत बसलो. नव्या रंगाचा धूर सरळ तोंडावर येत होता. डोळे चुरचुरले, घसा धरला, खोकला आला. दहा मिनिटांत उठावंसं वाटलं. दोन खिडक्या उघड्या असताना. मी तासभर बसलो आणि रडलो, आणि त्यातलं किती धुरामुळे ते मला माहीत नाही. एका तासाची ही गत. तिथे बावीस वर्षं रोज दोन वेळा.

बसल्या बसल्या तुझं पत्र पुन्हा वाचलं. फुंकणी आईच्या हातात असायची आणि ती पिठात असली की माझ्या, असं तू लिहिलं आहेस. ही ओळ मी ऑक्टोबरातही वाचली होती आणि पुढे गेलो होतो. तू आठ वर्षांची असल्यापासून अठरा वर्षांची होईपर्यंत तिच्या शेजारी बसायचीस. दहा वर्षं. मी दारातून तुम्हा दोघींच्या पाठी पाहायचो.

जूनमध्ये डॉक्टरांनी आईला नळी दिली. तुला दिली का? तू फुंकून पाहिलंस का?

तिकीट काढलं आहे, तेवीसला पोचतो. त्याआधी डॉक्टरांकडे जा, आणि काटा किती हलला ते मला सांग. पण पत्र लिहू नकोस. फोन कर.

तुझा,
दादा